पावसाळा, बंद शेड आणि दुरुस्तीतली मळमळ

मावळात पाऊस एकदा बसला की गाडीची कामे उघड्यावर करता येत नाहीत. तिकोणा गडाच्या पायथ्याशी तिकोणा पेठेत किंवा पवना धरणाच्या काठच्या कुठल्याही गावात मोटरसायकल सुरू होईना झाली, तर ती भर पावसात पवनानगरला किंवा कामशेतला ढकलत कोण नेणार? ती पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ओढून घेतली जाते. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधलेली असते, दार लोटलेले असते. मोबाइलवर व्हिडिओ लावून प्लग साफ होतो, कार्ब्युरेटर उघडला जातो आणि मग गाडी चालू ठेवून स्क्रू पिळत आयडलिंग जमवण्याचे काम सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांत डोके जड होते, कपाळ ठणकते, पोटात ढवळून येते. "अहो, सकाळपासून नुसत्या चहावर आहात, पित्त झालं असेल," असे घरातून कुणीतरी म्हणते. लिंबू सरबत येते. बाहेर ओट्यावर बसून ते प्यायले की बरे वाटते आणि श्रेय सरबताला मिळते. प्रत्यक्षात बरे वाटलेले असते ते ओट्यावरच्या मोकळ्या हवेने. मग माणूस उरलेले काम संपवायला पुन्हा आत जातो.

धोका या 'पुन्हा आत' जाण्यात आहे.

या मळमळीचे कारण बहुतेक वेळा कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. इंधन अर्धवट जळले की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना चुरचुरतही नाही. गाडीच्या धुराचा जो वास येतो तो धुरातल्या इतर घटकांचा. त्यामुळे 'वास फारसा नाही, म्हणजे धूर फारसा नाही' हा अंदाज चुकतो. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा-टेम्पोच्या बाबतीत तर तो जास्तच चुकतो. गॅस गळला तर कळावे म्हणून सीएनजीला मुद्दाम वास दिलेला असतो, पण तो वास जळताना नाहीसा होतो आणि बाहेर पडणारा धूर पेट्रोलच्या धुरापेक्षा कितीतरी सौम्य वाटतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातही असतो.

फुफ्फुसातून रक्तात उतरला की हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो. प्राणवायूच्या तुलनेत त्याची पकड दोनशे ते अडीचशे पट घट्ट असते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रकार ओळखला. १८९५ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो वायू स्वतः हुंगून, स्वतःचेच रक्त तपासत, काय काय होते ते लिहून ठेवले. खाणीत पिंजऱ्यातले पक्षी नेण्याची पद्धत त्याच्याच सल्ल्याने रुजली. छोट्या पक्ष्याला माणसाच्या आधी त्रास होतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. हाल्डेनला एक गोष्ट ठळकपणे दिसली. स्वस्थ बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही, पण तो उठून चालू लागला की पाय लटपटतात. शेडमध्ये गाडीशेजारी पाटावर बसून काम करणाऱ्याची स्थिती हीच असते. बसलेला असताना फक्त मळमळ, आणि 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून उठला की दारापर्यंत पोहोचण्याआधीच तो कोसळू शकतो.

मग धाप का लागत नाही? प्राणवायू कमी पडतोय तर शरीराने आधी तीच तक्रार करायला हवी, असे कुणालाही वाटेल. पण मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी जे संवेदक असतात, ते रक्तात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब मोजतात. हिमोग्लोबिनवर किती प्राणवायू लादला आहे, हे त्यांना समजत नाही. कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिनच्या जागा बळकावल्या तरी विरघळलेला प्राणवायू जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे धोक्याची घंटा वाजत नाही. श्वास नेहमीसारखा चालू असतो आणि मेंदू मात्र उपाशी राहू लागतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्या उपासमारीची पहिली भाषा. मेंदूचा जो भाग योग्य-अयोग्य ठरवतो तोही याच वेळी मंदावतो. म्हणून 'एवढा शेवटचा नट आवळतो आणि उठतो' हा निर्णय त्या क्षणी अगदी शहाणपणाचा वाटतो.

किती धूर लागतो यासाठी? थोडे कागदावरचे गणित करून पाहता येईल. १० फूट रुंद, १५ फूट लांब आणि ९ फूट उंच शेड घेतली तर तिच्यात साधारण ३८,००० लिटर हवा मावते. दीडशे सीसीची मोटरसायकल नुसती चालू ठेवली तर ती मिनिटाला ढोबळमानाने २५ ते ३० लिटर धूर सोडते. २००० नंतरच्या आणि बीएस-४ येण्याआधीच्या दुचाकींना पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आहे. म्हणजे चाचणी उत्तीर्ण झालेली, सगळी कागदपत्रे ठीक असलेली अशी गाडीसुद्धा मिनिटाला जवळपास एक लिटर कार्बन मोनॉक्साइड शेडमध्ये ओतू शकते. अर्ध्या तासात तीस लिटर. हवेच्या दहा लाख भागांत ते सुमारे ८०० भाग होतात. एवढ्या प्रमाणात पाऊण तासात डोकेदुखी, चक्कर आणि उलटीची भावना येते, तर दोन-तीन तासांत जीव जाऊ शकतो. १,२०० भागांना अमेरिकेतील कामगार आरोग्याचे निकष 'जिवाला तत्काळ धोका' म्हणतात. पत्र्याच्या फटीतून थोडी हवा येते-जाते हे खरे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी भरेल. पण दुरुस्तीला आणलेली गाडी ही मुळात बिघडलेली असते. चोक ओढलेला असतो, मिश्रणात पेट्रोल जास्त जात असते, एअर फिल्टर काढून बाजूला ठेवलेला असतो. अशा गाडीच्या धुराला पीयूसीची मर्यादा लावणे म्हणजे तापलेल्या माणसाला त्याचे महिन्यापूर्वीचे तापमान सांगण्यासारखे आहे.

बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचा धूर पुष्कळ स्वच्छ असतो, यात शंका नाही. त्यांच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो. पण हे यंत्र काही शे अंश सेल्सिअस तापल्यावरच कामाला लागते. गार इंजिन सुरू केल्यापासूनची पहिली मिनिटे ते जवळजवळ निकामी असते, आणि दुरुस्तीत तर गाडी पुन्हा पुन्हा चालू-बंद केली जाते. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाने केलेली मोजणी या बाबतीत बोलकी आहे. गॅरेजचे मोठे दार उघडे ठेवून मोटार केवळ दोन मिनिटे चालू ठेवली, तरी आतले प्रमाण दहा लाखांत ५०० भागांवर गेले. आणि गाडी बाहेर काढल्यानंतर दहा तासांनीही तो वायू गॅरेजात मोजण्याइतका शिल्लक होता. 'दार उघडेच होते' हा बचाव त्यामुळे फार टिकत नाही. लोणावळ्यात बंगल्यांखाली शटरची गॅरेजे आहेत आणि शनिवार-रविवारी येऊन जुनी मोटार हौसेने खोलून बसणारेही आहेत. अशा गॅरेजच्या वर झोपायची खोली असेल, तर वरच्यांनाही त्याचा त्रास होतो. डिझेल ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि त्यातली नायट्रोजनची ऑक्साइडे फुफ्फुसाला वेगळीच इजा करतात.

हा वायू फक्त दुरुस्तीच्या वेळीच गाठतो असेही नाही. २०२४ च्या डिसेंबरात केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. एसी चालवण्यासाठी गाडीतलाच जनरेटर चालू होता. कोझिकोडच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत चाचणी घेतली, तेव्हा जनरेटरचा धूर तळातल्या फटीतून आत येत असल्याचे आढळले. दोघेही वाहनाशी रोजचा संबंध असलेले होते, नवखे नव्हते. पवना धरणाच्या काठी आता तंबूंच्या रांगा लागतात, कॅम्परगाड्या येतात, छोटे पेट्रोल जनरेटर भाड्याने मिळतात. पावसात जनरेटर भिजू नये म्हणून तो ताडपत्रीच्या आडोशाला, तंबूला लागूनच ठेवला जातो. वडकऱ्यात जे घडले त्याची जुळवाजुळव येथे दर सुटीला होत असते. स्थानिक तंबूचालकांनी जनरेटर लांब आणि वाऱ्याच्या उलट अंगाला ठेवण्याचा साधा नियम स्वतःहून पाळला तर शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

खरी गुंतागुंत सुरू होते ती रुग्णालयात. मळमळ, डोकेदुखी, थोडी चक्कर, ताप नाही, जुलाब नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे वर्णन पित्तात, अर्धशिशीत, अन्नातल्या बाधेत, उन्हाळा असेल तर उष्माघातात सहज खपते. त्यात भर पडते बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची. कोविडने हे यंत्र घरोघरी पोहोचवले आणि त्यावरचा आकडा हाच अंतिम शब्द मानण्याची सवयही लावली. पण साधा ऑक्सिमीटर दोन प्रकारच्या प्रकाशलहरी बोटातून पाठवून रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. रक्तातला तिसरा हिस्सा या विषाने व्यापला असतानाही यंत्र ९८ किंवा ९९ दाखवू शकते. 'ऑक्सिजन तर उत्तम आहे' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच शेडमध्ये तेच काम पुढे चालू करतो. विषारी वायूने माणूस गुलाबी होतो, असे पुस्तकात असते. जिवंत रुग्णात तो रंग क्वचितच दिसतो.

पक्के निदान रक्ताच्या को-ऑक्सिमेट्री चाचणीने होते. ही सोय ग्रामीण भागात सहसा नसते, मोठ्या रुग्णालयात जावे लागते. पण उपचार त्या चाचणीसाठी अडून राहत नाही, आणि या विषाच्या बाबतीतली ही सर्वात दिलासा देणारी बाब आहे. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण एक ते दीड तास पुरतो. त्यासाठी हवा सिलिंडर आणि पिशवी असलेला मास्क, मिनिटाला दहा ते पंधरा लिटर प्रवाहाने. नाकातली नळी आणि पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर यांवर हे भागत नाही. कोविडकाळात ग्रामीण रुग्णालयांपर्यंत प्राणवायूची बरीच सामग्री पोहोचली; तिचा वापर श्वास लागलेल्यांपुरताच नाही, श्वास न लागलेल्या या रुग्णांसाठीही आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. ऑक्सिमीटर ९९ दाखवत असताना सिलिंडर लावणे विचित्र वाटते, म्हणून ते टाळले जाते. बेशुद्ध पडलेले, छातीत दुखणारे किंवा गरोदर रुग्ण पुढच्या रुग्णालयात पाठवावेतच. गर्भाच्या रक्तातून हा वायू आईच्या रक्तापेक्षा उशिरा निघून जातो.

डॉक्टरांना हे सगळे सुचण्यासाठी रुग्णाकडून एक वाक्य यावे लागते: "बंद शेडमध्ये गाडी चालू होती." ते वाक्य सहसा येत नाही, कारण रुग्णाच्या डोक्यात दोन्हींचा संबंधच नसतो. तो काल रात्री काय खाल्ले ते सांगतो. विचारण्याची जबाबदारी म्हणून तपासणाऱ्यावर येते. त्रास सुरू झाला तेव्हा कुठे होतात? बाहेर आल्यावर बरे वाटले का? सोबत आणखी कुणाला झाला का? शेजारी पाना द्यायला बसलेल्या मुलाचेही डोके दुखत असेल, शेडमध्ये बांधलेला कुत्रा मलूल झाला असेल, तर अन्नातली बाधा मागे पडते. मुले श्वास जलद घेतात, त्यामुळे तीच आधी आजारी पडतात; हाल्डेनच्या पक्ष्यासारखी.

गाडीच्या कामात मळमळ येण्याची इतरही कारणे आहेत आणि त्यांतली काही तितकीच गंभीर आहेत. टाकीतले पेट्रोल नळी तोंडात धरून ओढण्याची पद्धत अजून गेलेली नाही. घोटभर पेट्रोल पोटात गेले तर उलटी होते, पण मोठा धोका ते श्वासनलिकेत उतरण्याचा असतो. थेंबभर पेट्रोलही फुफ्फुसाला सूज आणते. म्हणून मीठ-पाणी पाजून मुद्दाम उलटी काढणे हा उपाय नसून दुसरा अपघात आहे. खोकला सुरू झाला तर थेट रुग्णालय. रेडिएटरमधला कूलंट बहुधा इथिलीन ग्लायकॉलचा असतो, चवीला गोड असतो आणि घराघरांत तो शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेला असतो. तो मूत्रपिंडे निकामी करतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ रुग्णांच्या मृत्यूला कारण ठरलेले डायइथिलीन ग्लायकॉल याच कुळातले.

आणि एक कारण असे की जे विसरून चालत नाही. पन्नाशी ओलांडलेला, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस जॅक लावून घट्ट बसलेले चाकाचे नट जोर लावून सोडवत असेल आणि त्याला मळमळ, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात जड होणे असा त्रास झाला, तर तो हृदयविकाराचा झटका समजूनच हालचाल करावी. मधुमेहात छातीत दुखतेच असे नाही. ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत निघायला हवा. धमन्या आधीच अरुंद असतील तर थोडासा कार्बन मोनॉक्साइडही हृदयाला झेपत नाही, त्यामुळे दोन्ही कारणे एकाच वेळी एकाच माणसात असू शकतात. अशा रुग्णाने स्वतः दुचाकीवर बसून दवाखाना गाठू नये; १०८ ला फोन करावा.

शेडमध्ये कुणी कोसळलेले दिसले तर धावत आत शिरून त्याच्याशेजारी बसणे चूक. आधी दार, शटर, ताडपत्री जे असेल ते सताड उघडायचे, श्वास रोखून आत जाऊन त्याला ओढत बाहेर आणायचे, वाटेत हाताशी आली तर चावी बंद करायची. एकाला वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडल्याच्या घटना विहिरी आणि सेप्टिक टँकच्या बाबतीत महाराष्ट्राने पुष्कळ पाहिल्या आहेत. वायू वेगळे, चूक तीच. नाकाला ओला रुमाल बांधून हा वायू अडत नाही, कोविडचा मास्कही उपयोगाचा नाही. कांदा फोडून हुंगायला देण्याने फक्त वेळ जातो. आणि बाहेर आणल्यावर तो उठून बसला, 'आता बरे आहे' म्हणाला, तरी रुग्णालयात न्यावेच.

टाळण्याचा मार्ग अगदी साधा आहे. गाडी खोलणे-जोडणे आत करावे. इंजिन चालू करण्याचा भाग मात्र बाहेर, पाऊस असेल तर चारी बाजूंनी उघड्या छपराखाली. पडवीत गाडी असेल तर सायलेन्सरचे तोंड बाहेर आणि घराची त्या बाजूची खिडकी बंद. भर पावसात पाच मिनिटे थांबता येत नाही असे काम क्वचितच असते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो, पण घरी किंवा गॅरेजात तो बसवण्याची आपल्याकडे सक्ती नाही. जिथे गाड्यांचे काम रोज चालते, त्या शटरबंद गॅरेजांना तरी परवान्याबरोबर तो लावायला सांगणे अवघड नाही. गल्ल्यावर बसलेला मालक हिवाळ्यात शटर अर्धे ओढून घेतो आणि खाली काम करणारी पोरे संध्याकाळी 'डोकं उठलंय' म्हणत घरी जातात, हे शहरातही दिसते.

वरकरणी बऱ्या झालेल्या रुग्णाकडे नंतरही लक्ष ठेवावे लागते. तीव्र विषबाधेनंतर काही जणांत दोन-तीन दिवसांपासून पाच-सहा आठवड्यांपर्यंत केव्हाही नवी लक्षणे उमटतात. विसरभोळेपणा, चिडचिड, पाय ओढत चालणे, लघवीवरचा ताबा जाणे. तोपर्यंत शेडमधला तो दिवस सगळे विसरलेले असतात आणि 'हल्ली यांचं लक्षच नसतं' एवढेच घरात बोलले जाते. म्हणून रुग्णालयातून सोडताना चार ते सहा आठवड्यांनी फेरतपासणीची तारीख कागदावर लिहून द्यावी, आणि ती रुग्णाच्या हातात न देता घरच्यांच्या हातात द्यावी.